दात काढल्यावर कवळी कधी बसवायची? लगेच, की तीन महिने थांबून?

आई-बाबांचे किंवा आजी-आजोबांचे दात काढायची वेळ आली की घरात हमखास दोन प्रश्न येतात. "दुखेल का?" आणि "कवळी कधी मिळेल?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर भुलीचं इंजेक्शन देतं. दुसऱ्याचं उत्तर मात्र प्रत्येक डॉक्टर वेगळं देतो असं वाटतं. कुणी म्हणतं त्याच दिवशी, कुणी म्हणतं तीन महिने थांबा.

खरं तर दोन्ही उत्तरं बरोबर असू शकतात. फक्त दोन्हींचे फायदे-तोटे वेगळे आहेत. ते आधी समजले नाहीत, तर पैसे खर्चून केलेली कवळी तोंडात कमी आणि डबीत जास्त राहते.

दात काढल्यावर तोंडात काय होतं?

दात काढला की तिथल्या खड्ड्यात रक्ताची गाठ तयार होते. ही गाठ म्हणजे जखमेचं झाकण. ती निघून आली तर आतलं हाड उघडं पडतं आणि दोन ते चार दिवसांनी ठणका सुरू होतो. याला ड्राय सॉकेट म्हणतात. म्हणूनच पहिल्या दिवशी जोरात चूळ भरू नका, थुंकू नका, स्ट्रॉने पिऊ नका असं सांगतात. विडी-सिगारेट आणि तंबाखू-मिश्री तर बंदच.

वरची हिरडी साधारण दोन-तीन आठवड्यांत भरून येते. पण आतलं हाड पुढे कित्येक महिने आकार बदलत राहतं. दाताला धरून ठेवणारं हाड, दात गेला की झिजू लागतं. पहिल्या तीन ते सहा महिन्यांत हा बदल सर्वांत वेगाने होतो. नंतर वेग कमी होतो, पण झीज पूर्ण थांबत नाही.

कवळी बसते ती याच हिरडीवर आणि हाडावर. पाया हलता असेल, तर वरची वस्तू सैल होणारच.

मग थांबायचं की नाही?

थांबून केलेली कवळी: दात काढल्यावर साधारण सहा ते आठ आठवड्यांनी, काही वेळा तीन महिन्यांनी माप घेतलं जातं. तोवर हिरडी बरी झालेली असते आणि हाडातला मोठा बदल होऊन गेलेला असतो, त्यामुळे कवळी नीट बसते. अडचण एकच: तोवर दातांशिवाय राहावं लागतं.

लगेच बसवायची कवळी: हिला इमिजिएट डेंचर म्हणतात. दात काढायच्या आधीच माप घेऊन ती तयार ठेवतात आणि दात काढले त्याच दिवशी बसवतात. नोकरी लोकांसमोर बोलण्याची असेल किंवा घरात लग्न तोंडावर आलं असेल, तर हा पर्याय सोयीचा. जखमेवर एक प्रकारचं आवरणही मिळतं. पण पुढचे दात तोंडात असेपर्यंत नवे दात लावून बघता येत नाहीत, त्यामुळे दिसण्याबाबत थोडी तडजोड असते. आणि हाड झिजलं की ही कवळी काही महिन्यांत सैल होते. मग तिला आतून नवा थर द्यावा लागतो, त्याला रिलायनिंग म्हणतात. किंवा पुन्हा नवी करावी लागते. हा पुढचा खर्च आधीच विचारून घ्या.

एक सूचना इथे विसरू नका. लगेच बसवलेली कवळी सहसा पहिले २४ तास काढायची नसते. सूज आली तर ती परत बसत नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टर स्वतः काढून जखम तपासतात.

सगळेच दात काढावे लागतात का?

"चार-पाचच उरलेत, सगळेच काढून टाका," असं अनेक जण सांगतात. घाई करू नका. हालत नसलेले एक-दोन दात किंवा त्यांची मुळं वाचवता आली, तर त्यांच्यावरून कवळी बसवता येते. मूळ टिकलं की भोवतीचं हाडही जास्त काळ टिकतं. खालच्या जबड्यात याचा मोठा फायदा होतो.

खालचीच कवळी का हलते?

वरच्या कवळीला टाळूचा आधार असतो. लाळेच्या पातळ थरामुळे ती टाळूला चिकटून राहते. खाली जागा कमी आणि मधोमध सतत हलणारी जीभ. शिवाय खालचं हाड जास्त झिजतं. १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या, २५ वर्षांच्या नोंदींवर आधारलेल्या एका अभ्यासात कवळी वापरणाऱ्यांमध्ये खालच्या जबड्याची झीज वरच्यापेक्षा सुमारे चौपट आढळली होती.

यावर उपाय म्हणजे जबड्यात दोन इम्प्लांट बसवून त्यांवर अडकणारी कवळी. अजिबात दात नसलेल्या खालच्या जबड्यासाठी हाच पहिला पर्याय असावा, असं मत कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी २००२ मध्ये मांडलं. मात्र खर्च वाढतो आणि हाड पुरेसं असावं लागतं.

डॉक्टरांना आधी काय सांगायचं?

- मधुमेह असेल तर साखरेचे ताजे आकडे. साखर वाढलेली असेल तर जखम उशिरा भरते.
- रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू असतील तर त्यांची नावं. स्वतःच्या मनाने त्या बंद करू नका.
- हाडं ठिसूळ झाल्याबद्दल गोळ्या किंवा इंजेक्शन घेतलं असेल तर तेही. यातल्या काही औषधांमुळे दात काढल्यावर जबड्याचं हाड भरून यायला अडचण येऊ शकते.

नेहमीची पूर्ण कवळी एका भेटीत होत नाही. प्राथमिक माप, पक्कं माप, दोन्ही जबड्यांचा मेळ, मेणात दात लावून बघणं आणि शेवटी कवळी बसवणं, अशा चार-पाच भेटी लागतात. मेणातले दात बघताना घरचं कुणीतरी सोबत असू द्या. रंग आणि ठेवण बदलायची असेल तर तीच वेळ.

पहिला महिना कसा जातो?

कवळी ही नैसर्गिक दातांची बरोबरी करत नाही, हे आधीच माहीत असलेलं बरं. चावण्याची ताकद बरीच कमी असते. सुरुवातीला तोंडात काहीतरी कोंबल्यासारखं वाटतं, लाळ जास्त सुटते, 'स' आणि 'फ' अडखळतात. रोज पेपर मोठ्याने वाचला की बोलणं लवकर सुधारतं.

खाण्याची सुरुवात वरण-भात, मुगाची खिचडी, दुधात कुस्करलेली भाकरी यांनी करा. घास लहान ठेवा आणि दोन्ही बाजूंनी एकदम चावा. पेरू किंवा कणीस पुढच्या दातांनी तोडायला गेलात तर कवळी मागून उचलली जाते. फोडी करून, दाणे काढून खा.

टोचत असेल तर घरी कानशीने घासू नका. डॉक्टरांकडे जायच्या आधी एक दिवस कवळी घाला, म्हणजे नेमकं कुठे लागतंय ती खूण हिरडीवर दिसते.

रात्री कवळी काढायची का?

हो. हिरडीला विश्रांती हवी. सतत घातलेल्या कवळीखाली बुरशी वाढून टाळू लाल होतो. जपानमध्ये ८५ वर्षांवरच्या ५२४ जणांच्या अभ्यासात (२०१५) कवळी घालून झोपणाऱ्यांमध्ये न्यूमोनियाचा धोका सुमारे दुप्पट दिसला होता.

काढलेली कवळी साध्या पाण्यात ठेवा. गरम पाण्याने तिचा आकार बिघडतो, तर टूथपेस्टने चरे पडतात. मऊ ब्रश आणि सौम्य साबण पुरेसा. धुताना खाली पाण्याने भरलेलं टोपलं ठेवा, हातातून निसटली तरी फुटणार नाही.

खर्च कमी कुठे होतो?

मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या शासकीय दंत महाविद्यालयांत, तसंच मुंबईत महापालिकेच्या नायर दंत रुग्णालयात खासगी दवाखान्यांपेक्षा बऱ्याच कमी खर्चात कवळी होते. तिथे विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात, त्यामुळे फेऱ्या जास्त लागतात. केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत (२०१७) ६० वर्षांवरील गरजू ज्येष्ठांना शिबिरांमधून मोफत दिल्या जाणाऱ्या साधनांच्या यादीत कवळीही आहे. तुमच्या जिल्ह्यातल्या शिबिराची चौकशी समाजकल्याण कार्यालयात करा.

रस्त्याकडेला बसून "अर्ध्या तासात पक्के दात" लावून देणाऱ्यांपासून मात्र लांब राहा. ते तारेने किंवा तोंडातच घट्ट होणाऱ्या प्लास्टिकने नकली दात शेजारच्या दातांना चिकटवतात. खाली अन्न अडकतं, हिरडी सुजते आणि चांगले दातही जातात. डॉक्टर दंत परिषदेकडे नोंदणीकृत आहेत ना, एवढं विचारायला संकोच नको.

कवळी चांगली बसली तरी वर्षातून एकदा तपासणी करून घ्या. साधारण पाच ते दहा वर्षांनी ती बदलावी लागते. आणि तोंडातली एखादी जखम दोन आठवड्यांत बरी झाली नाही, तर ती "कवळीमुळेच असेल" म्हणून सोडून देऊ नका. विशेषतः तंबाखू खाणाऱ्यांनी तर लगेच दाखवावं.