उन्हातून बर्फ

नागपूरचा मे महिना म्हणजे ४५ अंशांचे ऊन आणि कूलरमधल्या ओल्या वाळ्याचा गंध. पण उन्हातूनच थंडावा निर्माण करण्याचा प्रयोगही जुना आहे.

१८७८ साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात ओग्युस्तँ मूशो यांनी आरशाने सूर्यकिरण एकवटून त्या उष्णतेवर शीतक यंत्र चालवले आणि बर्फ तयार केला. उष्ण प्रदेशांत सूर्य इंधनाची जागा घेऊ शकतो, असे सांगणारा विल्यम ॲडम्स यांचा ग्रंथ त्याच वर्षी मुंबईत प्रसिद्ध झाला. कुलाब्यात त्यांनी सूर्याच्या उष्णतेवर वाफेचा पंपही चालवला होता.

पुढे फ्रान्समध्ये कोळसा स्वस्त झाला आणि मूशो यांचे यंत्र मागे पडले. आज नागपूर तापते, तेव्हा शेजारच्या कोराडीत कोळसाच जळतो. वास्तविक थंडाव्याची गरज सर्वाधिक असते, तेव्हाच डोक्यावर सूर्यही सर्वाधिक प्रखर असतो.