मतं नकोत, तथ्यं हवीत

२८ डिसेंबर १८७९. स्कॉटलंडमध्ये टे नदीवरचा रेल्वेपूल वादळात कोसळला. पुलावरून जाणारी गाडी नदीत गेली, एकही प्रवासी वाचला नाही. पूल सुरू होऊन दोन वर्षंही झाली नव्हती. दोष वाऱ्याचा की पुलाचा?

चौकशीसाठी पुलाचे काही भाग लंडनला डेव्हिड कर्कल्डी यांच्याकडे आले. ते मूळचे टेच्याच काठावरच्या डंडी गावचे. ग्लासगोच्या कारखान्यात असताना त्यांनी लोखंड-पोलादाचे शेकडो नमुने ताणून, तोडून पाहिले होते. पुढे त्यांनी पाण्याच्या दाबावर चालणारं ४७ फूट लांबीचं यंत्र स्वतः आखलं आणि चाचणी हाच व्यवसाय केला.

पुलाचे बिडाचे खांब तिरक्या लोखंडी पट्ट्यांनी एकमेकांना जखडलेले होते. पट्ट्या अडकवायचे कान खांबांबरोबरच ओतलेले. यंत्रावर हे कान अपेक्षेच्या निम्म्याहून कमी ताणाला तुटले. कारण साधं होतं. बोल्टची भोकं सरळ नव्हती, निमुळती होती. त्यामुळे सगळा भार भोकाच्या कडेवरच येई. वादळ खरंच मोठं होतं. पण पूल आधीपासूनच दुबळा होता.

कर्कल्डींच्या प्रयोगशाळेच्या दारावर कोरलेलं आहे, ‘तथ्यं, मतं नव्हेत’. आपल्या प्रयोगवहीच्या पहिल्या पानावरही ते शोभेल.