‘पर्यंत’ नेमके कधीपर्यंत?

२० फेब्रुवारी १९४७. ब्रिटिश पंतप्रधान अ‍ॅटली यांनी भारतातील सत्तांतराची मुदत संसदेत जाहीर केली: जून १९४८पर्यंत. मराठीत ‘पर्यंत’ एकच. इंग्रजीत ‘टिल’ निराळा, ‘बाय’ निराळा. शाळेत हा भेद आपण नुसता घोकतो! ‘टिल’ असते, तर राज्य तोवर चालणार असा अर्थ निघाला असता. निवेदनात होते ‘बाय’, म्हणजे त्याआधी कधीही. माउंटबॅटन यांनी ती तारीख दहा महिने अलीकडे आणली.

१८ जुलैला मंजुरी मिळालेल्या कायद्यात मात्र ‘अ‍ॅज फ्रॉम’ आले: १५ ऑगस्टपासून. येथे मागेपुढे सरकण्यास जागाच नव्हती. सीमा आखणारे रॅडक्लिफ ८ जुलैला भारतात पोहोचले होते. त्यांची रेषा प्रसिद्ध झाली १७ ऑगस्टला. मधले दोन दिवस पंजाब-बंगालमधील कित्येक गावांना आपला देश कोणता, हे ठाऊक नव्हते.