घराचे नूतनीकरण : फरशी, गिलावा व दारखिडक्यांचे सामान यांच्या निवडीचा इतिहास

राहत्या घराची दुरुस्ती करताना किंवा त्याला नव्या खोल्या जोडताना भिंतींचा गिलावा, रंग, जमिनीची फरशी, छपराचे आच्छादन, दारेखिडक्या व त्यांच्या कड्याबिजागऱ्या, तसेच नळ, दिवे इत्यादींची निवड करावी लागते. ही कामे बांधकामाच्या शेवटी होत असल्याने ती केवळ शोभेची समजली जातात. वस्तुतः घराचा पाण्याशी, हवेशी व स्वतःच्या वजनाशी असलेला संबंध मोठ्या प्रमाणात त्यांवरच ठरतो. महाराष्ट्र व गोवा यांतील घरांचा गेल्या सु. ३०० वर्षांचा इतिहास पाहता असे आढळते, की ही निवड प्रथम स्थानिक कारागिराच्या, नंतर काही अंशी शासनाच्या आणि शेवटी कारखान्यांच्या व बाजाराच्या हाती गेली. नवी सामग्री जुन्या भिंतीच्या स्वभावाला जुळते की नाही, हा प्रश्न मात्र प्रत्येक टप्प्यावर तोच राहिला आहे.

पारंपरिक घर व त्याची वाढ : देशावरील सामान्य घराच्या भिंती दगडमातीच्या किंवा कच्च्या विटांच्या असत. जमीन चोपून ती शेणाने सारवीत व भिंती पांढऱ्या मातीने किंवा चुन्याने पोतारीत. हे लेप वर्षभरात झिजत आणि सणासुदीला अथवा लग्नकार्याच्या निमित्ताने पुन्हा दिले जात. कोकणात पावसाळ्यापूर्वी घर शाकारण्याची, म्हणजे छपरावरील गवत किंवा नळीची कौले काढून पुन्हा नीट बसविण्याची, पद्धत होती. अशा घरात नूतनीकरण हा वेगळा प्रसंग नसून तो वार्षिक परिपाठाचा भाग होता. सामग्री घराच्या परिसरातीलच असल्यामुळे निवडीला वाव थोडा होता. पण चुकीलाही वाव थोडाच होता.

संपन्न कुटुंबांच्या वाड्यांत घडीव दगडाचे जोते, सागवानी खांब-तुळयांचा सांगाडा व वर विटांचे बांधकाम अशी रचना असे. कुटुंब वाढले, की एका चौकाला दुसरा चौक, सोप्याला पडवी किंवा मजल्यावर मजला जोडला जाई. पुण्याचा शनिवारवाडा हे अशा क्रमिक वाढीचे प्रसिद्ध उदाहरण होय. पहिल्या बाजीरावाच्या काळात १७३० मध्ये त्याचे काम सुरू झाले व १७३२ मध्ये वास्तुशांत झाली. पुढील पेशव्यांनी त्यात तटबंदी, दरवाजे, दिवाणखाने व कारंजी यांची भर घातली. १८२८ च्या आगीत त्याचे लाकडी काम नष्ट झाले व मुख्यतः दगडी भाग उरला. दुसऱ्या बाजीरावाने बांधलेल्या विश्रामबागवाड्याच्या दर्शनी भागातील सागवानी कोरीवकामावरून तत्कालीन उत्तम सुतारकामाची कल्पना येते. सुरूच्या आकाराचे खांब, महिरपी, चौकटीवरील गणेशपट्टी यांत घरमालकाची ऐपत व रुची व्यक्त होई. दाराच्या फळ्या पुष्कळदा वरखाली ठेवलेल्या लाकडी खुंटांवर फिरत आणि आतून अडसर घालीत. लोखंडी काम मुख्यतः कडी, कोयंडा व खिळे एवढ्यापुरते असे.

चुन्याचा गिलावा : वाड्यांच्या अंतर्भागाचे खरे वैशिष्ट्य त्यांच्या चुन्याच्या कामात होते. चुनखडीचे खडे भट्टीत भाजून मिळालेला कळीचा चुना पाण्यात विरवीत आणि वाळू किंवा विटांची भुकटी (सुरखी) मिसळून घाणीत, बैलाने फिरविल्या जाणाऱ्या दगडी चाकाखाली, दीर्घकाळ मळीत. गूळ, हिरडा, बेलफळाचा गर यांसारखे पदार्थ त्यात घालण्याची प्रथा होती. गिलाव्याचे थर एकावर एक देऊन अखेरचा बारीक थर गुळगुळीत दगडाने घोटीत. त्यामुळे भिंतीला रंगाविनाही चकाकी येई.

चुना हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड शोषून हळूहळू कठीण होतो. म्हणून या कामास वेळ लागतो. परंतु कठीण झाल्यावरही तो सच्छिद्र राहतो. जोत्यातून वर चढणारा किंवा पावसाने भिंतीत मुरलेला ओलावा त्यातून बाहेर पडू शकतो. भिंत थोडी हलली, तर तो एका मोठ्या तड्याऐवजी बारीक रेषांनी ती हालचाल सामावून घेतो. मातीच्या वा चुन्याच्या सांध्यांची भिंत आणि चुन्याचा गिलावा यांची ही सांगड अनुभवातून सिद्ध झालेली होती.

कोकण व गोवा : जांभ्याच्या चिऱ्यांची भिंत, उतरते छप्पर आणि रुंद पडवी ही अतिवृष्टीच्या या प्रदेशातील घरांची वैशिष्ट्ये होत. येथील देवळांच्या व काही जुन्या घरांच्या भिंतींवर काव पद्धतीचे काम आढळते. चुन्याच्या पांढऱ्या गिलाव्यावर तांबड्या मातीच्या रंगाचा थर देऊन तो ओला असतानाच टोकदार हत्याराने खरवडीत. त्यामुळे तांबड्या भूमीवर पांढरी आकृती उमटे. येथे रंग हा वर लावलेला लेप नसून गिलाव्याचाच अंश असल्याने तो दीर्घकाळ टिकतो. पोर्तुगीज अमदानीतील गोव्याच्या घरांत खिडक्यांच्या लाकडी जाळीत पातळ, अर्धपारदर्शक शिंपले बसवीत. त्यांतून मंद प्रकाश येई व उन्हाची तीव्रता कमी होई. काच सुलभ झाल्यावर अनेक घरांच्या दुरुस्तीत शिंपले काढून काचेची तावदाने बसविली गेली. प्रकाश वाढला; परंतु त्याबरोबर खोलीतील उष्माही वाढला.

रेल्वे, कारखाने व नवी सामग्री : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात निवडीचे क्षेत्र एकदम विस्तारले. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूर येथे कौलांचा कारखाना सुरू केला. परस्परांत अडकणारी ही सपाट मंगलोरी कौले नळीच्या कौलांपेक्षा हलकी पडत व वारंवार शाकारण्याचे कष्ट वाचवीत. मात्र त्यांना एकसारख्या अंतराच्या सरळ रिपा लागतात. त्यामुळे कौले बदलताना छपराचा वाकडातिकडा वासेकाम असलेला सांगाडाही बदलावा लागे.

मुंबईहून आग्नेयीकडे जाणारा लोहमार्ग १८७१ मध्ये रायचूरपर्यंत पोहोचला. या मार्गावरील शहाबाद (सध्याच्या कर्नाटकातील कलबुर्गी जिल्हा) येथील चुनखडक नैसर्गिक थरांत सापडतो व त्याच्या लाद्या सहज सुटतात. रेल्वेमुळे ही शहाबादी फरशी दूरवर जाऊ लागली आणि सारवलेल्या जमिनीची जागा तिने घेतली. स्वयंपाकघर, न्हाणी व अंगण येथे ती विशेष सोयीची ठरली. कडाप्याचा काळा दगड पुढे ओट्यासाठी व फळ्यांसाठी रूढ झाला.

मुंबईतील सार्वजनिक इमारतींत इंग्लंडमधील मिंटन कारखान्याच्या रंगीत लाद्या बसविल्या गेल्या. १८७२ मध्ये खुल्या झालेल्या व आता डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संग्रहालयातील फरसबंदी हे त्याचे उदाहरण होय. अशा लाद्यांना देशी पर्याय म्हणून मुंबईत १९२२ मध्ये भारत टाइल्स ही कंपनी स्थापन झाली. तिच्या नक्षीदार सिमेंट-लाद्यांमुळे परदेशी वाटणारी फरशी स्वदेशीच्या कक्षेत आली. या काळापासून घरमालक नमुन्यांच्या पुस्तकातून आकृती निवडू लागला. कारागिराचा सल्ला मागे पडून छापील नमुना पुढे आला, ही या परिवर्तनातील महत्त्वाची गोष्ट होय.

नळ, दिवे व आरोग्य : विहार तलावाची योजना १८६० मध्ये पूर्ण होऊन मुंबईस नळाचे पाणी मिळू लागले. घरात नळ आल्यावर न्हाणी व मोरी यांसाठी पाणी न शोषणारी फरशी आणि भिंतीचा काही भाग झाकणारे गुळगुळीत आवरण आवश्यक झाले. १८९६ मध्ये मुंबईत व नंतर पुण्यात आलेल्या प्लेगाच्या साथीने या विषयास वेगळे वळण दिले. घरे रिकामी करून धुणे, भिंतींना चुना लावणे, अंधाऱ्या खोल्यांत हवा-उजेड येण्यासाठी झरोके पाडणे अशी कामे सरकारी आदेशाने झाली. त्यांतील सक्तीमुळे लोकांत मोठा असंतोषही निर्माण झाला. १८९८ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या सुधार विश्वस्त मंडळाने दाट वस्त्यांच्या पुनर्रचनेचे काम हाती घेतले. पृष्ठभाग स्वच्छ करता यावा, हा निकष यापुढे रुचीइतकाच महत्त्वाचा ठरला. वीज आल्यावर तारांच्या लाकडी पट्ट्या व बटणे जुन्या भिंतींवर आली. तारा गिलाव्याच्या आत नेण्याची पद्धत पुढे रूढ झाली. तिच्यामुळे भिंती खाचणे हे नूतनीकरणाचे एक नित्याचे काम बनले.

सिमेंट व जुन्या भिंती : जोसेफ ॲस्पडिन या इंग्रज गवंड्याने १८२४ मध्ये पोर्टलंड सिमेंटचे एकस्व घेतले. भारतात पोरबंदर येथे १९१४ मध्ये त्याचे उत्पादन सुरू झाले. सिमेंट लवकर पकडते, त्यास मळणीची घाणी लागत नाही व त्याचे बळही अधिक असते. या गुणांमुळे चुन्याच्या घाण्या एकामागून एक बंद पडल्या. टंचाईच्या काळात सिमेंट परवान्यावर मिळे. १९८२ मध्ये नियंत्रण अंशतः व १९८९ मध्ये पूर्णतः उठले आणि किरकोळ दुरुस्तीतही त्याचा सर्रास वापर होऊ लागला.

नव्या बांधकामास उपकारक असणारे हे द्रव्य जुन्या भिंतीस अनेकदा बाधक ठरते. सिमेंटचा गिलावा घट्ट व ताठर असतो. दगडमातीच्या भिंतीतील ओलावा त्यातून सहज बाहेर पडत नाही. तो आतच साठतो किंवा लेपाच्या वरच्या कडेपर्यंत चढतो. पाण्याबरोबर आलेले क्षार तेथे स्फटिकरूप होऊन पोपडे सुटतात, मातीचे सांधे मऊ पडतात आणि भिंतीत गाडलेली लाकडे कुजतात. बाहेरून भिंत नवी दिसत असता आतून ती दुर्बळ होत जाते. यावर तैलरंगाचा किंवा प्लॅस्टिक रंगाचा थर दिल्यास दोष अधिकच झाकला जातो. ओल थांबविण्यासाठी दिलेला लेप ओल कोंडणारा ठरावा, हा या प्रकारच्या नूतनीकरणातील सर्वांत सामान्य प्रमाद होय.

पाणी, भार व आपत्ती : १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटून पुण्यात आलेल्या पुरात नदीकाठच्या पेठांतील मातीच्या सांध्यांची असंख्य घरे कोसळली. त्यानंतरच्या पुनर्बांधणीत सिमेंट-काँक्रीटवरील विश्वास दृढ झाला.

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाने भाराचा प्रश्न समोर आणला. लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत सु. ८,००० माणसे मृत्युमुखी पडली. तेथील अनेक घरांच्या भिंती जाड, पण आरपार दगडांनी नीट न बांधलेल्या होत्या व त्यांवर मातीचे माळवद होते. गळती थांबविण्यासाठी व गारव्यासाठी दिलेल्या मातीच्या थरांनी माळवद जाड होत जाते. असा ३० सेंमी. जाडीचा थर दर चौ. मी. ला सु. ५०० किग्रॅ. भरतो. प्रत्येक थर काळजीपोटी दिलेला असे; त्यांची बेरीज मात्र प्राणघातक ठरली.

हाच विचार फरशीलाही लागू आहे. वाड्याच्या लाकडी मजल्यावर २५ मिमी. जाडीची दगडी फरशी बसविल्यास तिचे वजन दर चौ. मी. ला सु. ६५ किग्रॅ. होते, खालील ५० मिमी. मसाल्याचे आणखी सु. १०० किग्रॅ. धरावे लागतात. म्हणजे ३ मी. × ४ मी. च्या लहानशा खोलीतही जुन्या तुळयांवर सु. २ टन भार नव्याने येतो. १९९० नंतर गुजरातेतील मोरबी व अन्य केंद्रांतील चिनी मातीच्या लाद्या स्वस्त झाल्या आणि जुन्या फरशीवरच नवी फरशी चढविण्याची प्रथा वाढली. तीत तोडफोड वाचते, परंतु भाराची गणना क्वचितच केली जाते.

निवडीची तत्त्वे : वरील इतिहासातून काही सामान्य निष्कर्ष निघतात. गिलावा भिंतीपेक्षा अधिक कठीण किंवा अधिक घट्ट नसावा. ओलाव्याचे मूळ, मग ते फुटलेले पन्हळ असो वा जोत्यालगत साचणारे पाणी, आधी दूर करावे व मगच लेपाचा विचार करावा. नवी काँक्रीटची खोली व जुनी भिंत वेगवेगळ्या प्रमाणात खचतात. म्हणून त्यांच्यामधील सांधा गिलाव्याने दडपून न टाकता मोकळा ठेवावा व पाण्यापासून सुरक्षित करावा. जुन्या रंगांत शिसे असण्याचा संभव असल्याने ते कोरडे घासू नयेत. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारे नियम भारतात २०१६ मध्ये झाले, परंतु त्यापूर्वीचे थर अनेक भिंतींवर शिल्लक आहेत. शाबूत असलेली सागवानी चौकट, पितळी कडी किंवा जुनी सिमेंट-लादी काढून टाकण्याऐवजी दुरुस्त करणे पुष्कळदा कमी खर्चाचे असते.

बृहन्मुंबईसाठी १९९५ मध्ये झालेल्या वारसाविषयक नियमांनंतर महत्त्वाच्या इमारतींच्या दुरुस्तीत चुन्याचा पुनर्वापर होऊ लागला. सामान्य घरांना मात्र असे संरक्षण नाही. त्यांच्यात काय ठेवावे व काय बदलावे, हे घरमालक व गवंडी यांनाच ठरवावे लागते. चुना मळणारे, घोटाई करणारे व लाकडी सांधे जाणणारे कारागीर विरळ होत चालल्याने ही निवड दिवसेंदिवस अवघड होत आहे. जुने घर टिकविणे म्हणजे त्याचे रूप गोठविणे नव्हे. ते पूर्वीही वाढत व बदलत आले आहे. प्रत्येक पिढीने दिलेला थर खालच्या थराला सोसेल असा असावा, एवढीच त्या वाढीची अट आहे.