राजकीय पक्षात राहिलेला वकील हायकोर्टाचा न्यायाधीश होऊ शकतो का?

18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापूरला सुरू झालं आणि रत्नागिरी जिल्हा त्याला जोडला गेला. जमिनीच्या, वारसाच्या दाव्यांची अपिलं आता तिकडे जातात. वक्फ न्यायाधिकरणाच्या निकालाविरुद्धही हायकोर्टातच दाद मागावी लागते. त्यामुळे न्यायाधीशाच्या खुर्चीवर कोण बसतं, हा आपल्या घरचाच प्रश्न आहे.

नोव्हेंबर 2024 च्या विधानसभा निवडणुकीत महायुतीची सत्ता आली. 28 जुलै 2025 ला सुप्रीम कोर्टाच्या कॉलेजियमने ॲड. आरती साठे यांच्या नावाची शिफारस केली. त्या पूर्वी महाराष्ट्र भाजपच्या प्रवक्त्या होत्या. आमदार रोहित पवार यांनी आक्षेप घेतला. साठे यांनी जानेवारी 2024 मध्येच पद सोडलं, असं भाजपने सांगितलं. ऑगस्टमध्ये नियुक्ती झालीही.

कायदा काय म्हणतो? घटनेच्या कलम 217 नुसार भारतीय नागरिकत्व आणि हायकोर्टात दहा वर्षांची वकिली पुरते. पक्षाचं सदस्यत्व आड येत नाही. नाव आधी हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती आणि दोन ज्येष्ठ न्यायाधीश सुचवतात. मुख्यमंत्री आणि राज्यपालांचं मत घेतलं जातं. निवडणुकीच्या निकालाचा संबंध येतो तो इथे. पुढे केंद्र सरकार, सुप्रीम कोर्टाचं कॉलेजियम आणि शेवटी राष्ट्रपतींची सही.

हे एकाच पक्षाचं दुखणं नाही. बहारुल इस्लाम 1972 मध्ये काँग्रेसची खासदारकी सोडून गुवाहाटी हायकोर्टात गेले, पुढे सुप्रीम कोर्टात, आणि 1983 मध्ये राजीनामा देऊन पुन्हा राज्यसभेत. ते खटकण्यासारखंच होतं. उलट केरळच्या कम्युनिस्ट सरकारात मंत्री राहिलेले कृष्ण अय्यर गरिबांच्या, कैद्यांच्या हक्कांच्या निकालांसाठी आजही आठवले जातात. 2023 मध्ये व्हिक्टोरिया गौरी यांच्या नेमणुकीविरुद्धची याचिका सुप्रीम कोर्टाने फेटाळली: पात्रता कोर्ट तपासेल, योग्यता ठरवणं कॉलेजियमचं काम.

सरकार बदललं की जज बदलतात, असं लोक बोलतात. तसं नाही. हायकोर्टाच्या न्यायाधीशाला पदावरून काढायचं तर संसदेतच ठराव लागतो. रत्नागिरीच्या कोर्टातले दिवाणी न्यायाधीश एमपीएससीच्या परीक्षेतून येतात. सरकारी वकील मात्र राज्य सरकार नेमतं. पक्षकाराला न्यायाधीशाच्या निःपक्षपातीपणाबद्दल सबळ शंका असेल, तर वकिलामार्फत त्यांना खटल्यातून बाजूला होण्याची विनंती करता येते. ती सुनावणीच्या सुरुवातीलाच करावी, निकाल विरोधात गेल्यावर नव्हे.