शे आणि आहे

बरेच दिवसांनी लिहितो आहे. मधे डोळ्याचं ऑपरेशन झालं, मग घरचं लग्न. लग्नाला आपल्यापैकी बरेच जण होते, त्यामुळे जेवणाचं वर्णन करत बसत नाही. पण मांडवात एक छोटीशी गोष्ट घडली, ती काही डोक्यातून जात नाही.

लांबच्या नात्यातल्या एक मामी भेटल्या. नव्वदीच्या आसपास असतील. माझा हात धरून म्हणाल्या, "कथा ऱ्हास रे भाऊ आते?" मी म्हणालो, "पुण्याला असतो मामी, मुलाकडे." झालं. मामींनी हात सोडला, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "बरं बरं. बसा ना तुम्ही, खुर्ची आणायला सांगते." एका वाक्यात मी 'तू'चा 'तुम्ही' झालो. त्यांनी मान दिला हो, पण मला मात्र घराबाहेर काढल्यासारखं वाटलं.

आमच्या धुळ्याकडच्या अहिराणीत 'आहे'ला 'शे' म्हणतात. माझं म्हणजे 'मना', तुझं म्हणजे 'तुना'. गुजरातीतला 'छे' आठवतो ना? ग्रियर्सन साहेबालाही तो आठवला असावा. त्याने हिंदुस्थानातल्या भाषांची जी प्रचंड पाहणी केली, तिचा मराठीचा सातवा खंड १९०५ साली निघाला. आमची खानदेशी त्यात नाही! ती सापडते १९०७ साली निघालेल्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात, भिल्ली बोलींच्या शेजारी. प्रत्येक बोलीचा नमुना म्हणून त्याने बायबलातली उधळ्या मुलाची गोष्ट त्या त्या बोलीत लिहवून घेतली होती. घर सोडून गेलेल्या आणि परत आलेल्या मुलाची गोष्ट. (मांडवातून परतताना एसटीत मला तीच आठवत होती.)

आता भाषा म्हणजे सरहद्द, हे आमच्या भागाने चांगलंच पाहिलंय. १९६० साली महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले तेव्हा पश्चिम खानदेशातली काही गावं गुजरातेत गेली. अशा वेळी 'शे' म्हणणाऱ्याने आपण मराठीच आहोत असं जरा मोठ्याने सांगणं साहजिक होतं. आमचे वडील तर ठणकावून सांगत. अहिराणीतूनच सांगत, हा भाग वेगळा.

जाता जाता एक. बहिणाबाईंच्या कवितांची भाषा अहिराणी, असं पुष्कळ जण बिनधास्त सांगतात. बहिणाबाई जळगावजवळच्या आसोद्याच्या, त्यांची बोली लेवा. खानदेश म्हटला की सगळं एकच, असं पुण्या-मुंबईकडे समजतात. असो.

मग शाळेतली मराठी कुठून आली? ती काही आकाशातून पडली नाही. मोल्सवर्थचा कोश १८३१ चा, दादोबा पांडुरंगांचं व्याकरण १८३६ चं. मेजर कँडी हा इंग्रज गृहस्थ वर्षानुवर्षं सरकारी मराठी आणि क्रमिक पुस्तकं तपासत बसला. ही सगळी मंडळी विद्वान आणि कष्टाळू, त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. पण मदतीला शास्त्रीपंडित आणि कान पुण्याकडे, त्यामुळे तिथल्या शिकलेल्या घरांतलं बोलणं ते 'शुद्ध' ठरलं आणि आमचं राहिलं 'बोली'. मी पहिलीत "मना बापनं नाव" म्हणालो तेव्हा बाहेरगावचे गुरुजी पोट धरून हसले होते. वर्गातली पोरंही हसली. ती सगळी घरी तसंच बोलत होती!

आणि पुढे मी काय केलं? तेच. मास्तर झाल्यावर वर्गात नियम केला, अहिराणी शब्द तोंडातून निघाला की पाच पैसे दंड. त्या पैशांतून आम्ही भिंतीवरचा नकाशा आणला होता, मला त्याचा अभिमान होता. एक पोरगा मधल्या सुट्टीत गोष्टी सांगायचा, अशा की मोठी माणसं कुंपणाशी थांबून ऐकत. वर्गात मात्र तोंड शिवलेलं. त्याच्या प्रगतिपुस्तकात मी लिहिलं, 'तोंडी काम कच्चे.' माझ्याच अक्षरात.

प्रमाण मराठी शिकवू नये असं मी अजूनही म्हणणार नाही. तिच्यामुळे मला नोकरी लागली, ज्ञानेश्वरीपासून मर्ढेकरांपर्यंत सगळं वाचता आलं. ती शिकवायलाच हवी होती. पण 'शे'वरून 'आहे'कडे हात धरून न्यायला हवं होतं. 'शे' म्हणजे चूक, असं सांगून मी मोकळा झालो.

याहून मोठी गोष्ट अजून सांगितलेली नाही. १९९१ च्या जनगणनेला मी प्रगणक होतो. मास्तरांच्या मागे ही कामं असतातच. मातृभाषेच्या रकान्यात माणूस सांगेल ते लिहायचं, अशी स्पष्ट सूचना होती. मी विचारलंच नाही. उन्हात फिरून कंटाळलेलो, दर घरात मुकाट्याने 'मराठी' लिहीत गेलो. समोरचा माणूस अहिराणीतून उत्तरं देत होता आणि मी 'मराठी' लिहीत होतो.

जनगणनेत खानदेशी ही मराठीहून वेगळी भाषा म्हणून मोजतात. पुढे आकडे पाहिले तेव्हा हसावं की रडावं कळेना. १९९१ ला खानदेशी बोलणारे सुमारे ९ लाख ७४ हजार, २००१ ला २० लाख ७५ हजार, २०११ ला परत १८ लाख ६० हजार! दहा वर्षांत आमच्याकडे दुप्पट पोरं झाली नाहीत हो. माणसं तीच, बोलणंही तेच. कुणी विचारलं, कुणी नाही, कुणी काय सांगितलं, एवढाच फरक असणार. त्या ९ लाखांत माझी घरं नाहीत, माझी आईसुद्धा नाही. तिला मराठी धड येत नव्हती.

२०२१ ची जनगणना झालीच नाही, ती आता २०२७ ला होणार असं जाहीर झालंय. परवा धाकट्या बहिणीला फोन करून म्हटलं, या वेळी रकान्यात अहिराणी सांग बरं का. मुद्दाम अहिराणीतून बोललो, जीभ अडखळत होती. ती खो खो हसली आणि म्हणाली,

"मराठीच सांगसू ना भाऊ. अहिराणी काय भाषा शे का?"