आपल्या घरांत लोकर कशी आली

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहाच, असा संपादक समितीतील भगिनींचा आग्रह झाला आणि विषयही त्यांनीच सुचविला : लोकरीचे विणकाम. "आपली जुनी परंपरा आहे, तिच्यावर लिहा," असे त्या म्हणाल्या. विषय मला मनापासून आवडला. 'जुनी परंपरा' या शब्दांविषयी मात्र थोडे बोलले पाहिजे.

आपल्या शहराला विणण्याची परंपरा आहे, आणि ती मोठी आहे. हिमरू आणि मशरू इथले, पैठणी शेजारच्या पैठणची. पण हे सारे मागावरचे विणणे झाले. आपल्या मराठीची एक गंमत आहे. बाज विणतात, टोपली विणतात, शेला विणतात आणि स्वेटरही विणतात, क्रियापद एकच. त्यामुळे हिमरू विणणाऱ्या शहरात स्वेटरही पूर्वापार विणला जात असेल असे वाटते. प्रत्यक्षात माझ्या पणजीने दोन सुया हातात धरलेल्या कोणी पाहिल्या नाहीत. आजीने त्या धरल्या त्या उतारवयात, सुनेचे पाहून.

लोकर मात्र आपल्याकडे होती. दख्खनी मेंढी मराठवाड्याच्या माळावर शतकानुशतके चरते आहे. पण तिची लोकर राठ, आखूड आणि बहुधा काळी. धनगरांच्या बायकांनी ती कातावी आणि सणगरांनी तिच्या घोंगड्या विणाव्यात, हा तिचा मार्ग. घोंगडी पावसाला आणि थंडीला उत्तम. पण तान्ह्या मुलाच्या अंगाला ती लावून पाहा! बाळाच्या वाट्याला यायचे ते जुने सुती लुगडे. त्याचीच दुपटी, त्याचीच झबली, त्याचेच लंगोट आणि उरल्या चिंध्यांची वाकळ. डोक्याला टोपरे, बाहेर न्यायचे तर कुंची. शेगडीतल्या निखाऱ्यांवर ओव्याची धुरी दिली की झाली थंडीची व्यवस्था.

मऊ, रंगीत लोकर आणि दोन सुया आल्या त्या साहेबाबरोबर. आपल्या शहराला लागून हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती आणि गोऱ्या अधिकाऱ्यांची बिऱ्हाडे तिथे राहात. तिकडे अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, अमेरिकन मिशनच्या सिंथिया फरार बाई 1839 पासून मुलींना शिकवीत होत्या. अशा मिशनच्या शाळांत अक्षरओळखीबरोबर सुईकामही असे. पुढे पुण्यात रमाबाई रानड्यांच्या सेवासदनाने 1909 पासून बायकांसाठी शिवणकामाचे वर्ग चालविले. घराबाहेर पडून शिकण्याला ज्या घरांत विरोध होई, तिथेसुद्धा 'सुईकाम शिकायला जाते' म्हटले की दार थोडे किलकिले होत असे. हा सुईचा उपकार लहान नव्हे.

आपला मराठवाडा निजामाच्या राज्यात, त्यामुळे इकडे या गोष्टी उशिरा पोचल्या. 1900 साली मनमाडहून रेल्वे आली आणि मुंबईचा माल गुलमंडीपर्यंत येऊ लागला. कानपूरची लाल इमली आणि पंजाबातील धारीवाल या गिरण्यांची लोकर नाव सांगून मागितली जाई. 17 सप्टेंबर 1948 रोजी निजामी राजवट संपली. त्यानंतर मराठी शाळा वाढल्या, नोकरीनिमित्त पुण्याकडची कुटुंबे इकडे आली. माझ्या आईला सुलट-उलट टाके शिकविणाऱ्या बाई अशाच पुण्याहून बदलून आलेल्या एका कारकुनाच्या पत्नी. औरंगपुऱ्यात आमच्याच वाड्यात त्या राहात. 1953 साली दुर्गाबाई देशमुखांच्या अध्यक्षतेखाली केंद्रीय समाजकल्याण मंडळ स्थापन झाले, महिला मंडळांना अनुदाने मिळू लागली, आणि शिवण-विणकामाचे वर्ग ही मंडळांची जणू ओळखच होऊन बसली.

जाता जाता एक मौज सांगते. मुलांसाठी आपण जे विणतो, त्यातील तीन गोष्टींची नावे एकाच लढाईशी जाऊन भिडतात. 1853 ते 1856 या काळात इंग्रज आणि रशियन यांचे क्रिमियात युद्ध झाले. तिथल्या बालाक्लावा बंदरावरून 'बालाक्लावा' टोपी, म्हणजे आपली माकडटोपी. त्या लढाईत घोडदळ घेऊन तोफांवर चालून गेलेले लॉर्ड कार्डिगन यांच्यावरून पुढून बटणे असलेला कार्डिगन. आणि त्यांचे सेनापती लॉर्ड रॅग्लन यांच्या नावाची, गळ्यापासून तिरकी उतरणारी रॅग्लन बाही. आमच्या नातवाने रॅग्लन बाहीचा कार्डिगन व माकडटोपी घातली म्हणजे अख्खे क्रिमियाचे युद्ध अंगणात रांगते! तसेच, युरोपात एके काळी विणकऱ्यांचे संघ असत आणि त्यांचे सभासद पुरुष असत. हे घरच्या मंडळींना मुद्दाम वाचून दाखवावे.

आता मुख्य गोष्ट. लोकरीचे विणकाम आपल्या घरांत रुजले का? थंडीमुळे, असे उत्तर सहज येईल. पण आपल्याकडे थंडी ती केवढी? मार्गशीर्ष-पौषातले काही आठवडे पहाटे दात वाजतात, दुपारी पुन्हा ऊन तापते. एवढ्यासाठी कोणी महिना महिना बोटे झिजवीत नाही. माझ्या मते कारणे दोन, आणि दोन्ही घरातल्या लहान मुलांशी बांधलेली.

पहिले कारण वेळेचे. ज्या घरात दोन वर्षांचे एक आणि सहा महिन्यांचे एक मूल आहे, तिथे बाईला सलग अर्धा तास कधी मिळत नाही. शिवणयंत्र मांडावे तर चाकात बोट घालायला मूल टपलेले. सुयांचे तसे नाही. भात शिजेपर्यंत चार ओळी होतात. बाळ रडले की ओळ अर्धी टाकून उठावे, सुया उंच फळीवर ठेवाव्यात, आणि तासाने तिथूनच पुढे चालू करावे. टाके आपली वाट पाहात थांबतात. मांडीवर मूल झोपलेले आणि त्याच्या पाठीवरून सुया चाललेल्या, असे माझ्या आईला मी किती वेळा पाहिले! मापही झोपलेल्या मुलाचेच घ्यायचे, वितीने आणि बोटांनी.

दुसरे कारण अधिक मोठे. मागावरच्या कापडात उभे आणि आडवे असे दोन धागे असतात; ते कापले की परत धागा म्हणून हाती येत नाहीत. सुयांवरचे विणकाम म्हणजे एकाच धाग्याचे एकात एक अडकविलेले फास. शेवटचे टोक सोडवून ओढले की सगळे पुन्हा लोकर होते. मूल वाढते, स्वेटर वाढत नाही. पण स्वेटर उसवता येतो. जुन्या लुगड्याचे दुपटे करणाऱ्या आपल्या बायकांना ही विद्या पटायला वेळ लागला नाही. आमच्या घरी दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी उसवणे असे. आई ओढायची, मी दोन्ही हात पुढे करून बसायची आणि माझ्या हातांभोवती लड व्हायची. चार ठिकाणी सैल बांधून ती रिठ्याच्या कोमट पाण्यात बुडवायची, आणि लोकरीचे वाकडेपण जावे म्हणून खाली पाण्याचा तांब्या बांधून दोरीवर टांगायची. माझा लाल स्वेटर असा दोनदा उसवला गेला. दुसऱ्या वेळी लोकर कमी पडली म्हणून बाह्यांवर वडिलांच्या जुन्या मफलरचे राखी पट्टे आले. शेजारणींनी तो नमुना मागून नेला! घरोघरच्या मुलांच्या पट्ट्यापट्ट्यांच्या स्वेटरांमागे बहुतेक वेळा अशी काटकसर असे. सुयासुद्धा घरच्याच, सायकलच्या तारा घासून केलेल्या. आम्ही मुली खराट्याच्या काड्यांवर शिकलो.

उसवायचा नाही असा एकच स्वेटर आमच्या घरात होता. माझ्या पाठचा भाऊ चौदा महिन्यांचा होऊन 1958 च्या पावसाळ्यात तापाने गेला. त्याच्यासाठी येत्या थंडीचा म्हणून आईने एक निळा स्वेटर विणायला घेतला होता. पाठ आणि एक बाही पुरी झाली होती. दोन वर्षांनी धाकटा भाऊ जन्मला, तेव्हा आजीने सहज म्हटले, "ती निळी लोकर आहे ना?" आईने उत्तर दिले नाही, आणि बाजारातून पिवळी लोकर आणविली. महिनाअखेरीचे दिवस होते; तो खर्च कसा बसविला तिचे तिला माहीत. निळे तुकडे सुईसकट ट्रंकेत राहिले. दर वर्षी कसर लागू नये म्हणून ती कडुनिंबाचा पाला बदलायची. ती ट्रंक आता माझ्याकडे आहे. वर्धापनदिनाच्या प्रदर्शनासाठी जुने नमुने गोळा करताना त्या तुकड्यांविषयी विचारणा झाली, तेव्हा मी नाही म्हटले. भगिनींनी समजून घेतले.

1962 चा हिवाळा मला चांगला आठवतो. मी नऊ वर्षांची होते. 20 ऑक्टोबरला चीनने हल्ला केला, आणि नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. देशभर बायका जवानांसाठी स्वेटर विणू लागल्या, तशा आपल्या शहरातही. खाकी आणि मेंदी रंगाच्या लोकरीने वाडा भरून गेला. ज्यांना येत नव्हते त्यांनी मफलर घेतले. ते सरळ विणत गेले की झाले. आईने त्या थंडीत तीन स्वेटर पुरे केले. पिवळ्या स्वेटरची धाकट्याची बाही तशीच राहिली आणि त्याने तो हिवाळा माझ्या जुन्या स्वेटरात काढला. विणलेले कपडे मोजून, गठ्ठे बांधून रवाना झाले. सभेत बायकांचे आभार मानले गेले, टाळ्या झाल्या. योग्यच झाले. माझ्या मनात एवढेच येते की त्याच हातांनी त्याच्या आधी आणि नंतर वीस-वीस वर्षे मुलांसाठी जे विणले, त्याची मोजणी कोणत्याही वहीत नाही. 'घरीच असते, काही करीत नाही,' असे ज्या बाईविषयी सांगितले जाई, तिने एका मुलाच्या स्वेटरात किती हजार टाके घातले, याचा हिशेब करायला मात्र कोणी बसत नसे.

पुढचे थोडक्यात सांगते, कारण ते आपण सर्वांनी पाहिले आहे. ऍक्रिलिकची लोकर आली. ती स्वस्त आणि धुवायला सोपी. कसरीची भीती गेली. चिकलठाण्याला कारखाने आले, सिडकोच्या वसाहती झाल्या, बायका नोकरीला लागल्या. लुधियानाचे यंत्रावरचे स्वेटर दुकानांत ढिगाने दिसू लागले. 1959 साली दलाई लामांच्या मागोमाग मायदेश सोडून आलेल्या तिबेटी लोकांची कुटुंबे दर हिवाळ्यात आपल्या शहरात स्वेटरची दुकाने मांडतात. घरी विणायच्या लोकरीला जो पैसा पडतो, त्यात तिथे तयार स्वेटर मिळतो. मी स्वतःही नातवंडांसाठी तिथून घेतले आहेत, आणि ते चांगले टिकले. फक्त ते उसवत नाहीत. त्यांतल्या पुष्कळांची शिवण कापडासारखी कापून घातलेली असते. ओढायला गेले तर हातभर लांबीचे तुकडे निघतात.

प्रदर्शनासाठी मात्र एका गोष्टीची उणीव आहे, ती नमुन्यांच्या वह्यांची. शाळेच्या जुन्या वहीच्या मागल्या पानांवर 'सु 2, उ 2' अशा खुणांनी बायका नमुने उतरवून ठेवीत. शेजारी वाण्याचा हिशेब आणि बाळाच्या लशीची तारीख. माझ्या आईच्या वहीतील वर्षाच्या मुलाच्या स्वेटरचे पान मी या प्रदर्शनात ठेवते आहे : काठ 12 नंबरच्या सुयांवर, अंग 10 नंबरच्या सुयांवर, पाठीला 70 टाके, काख येईपर्यंत दीड वीत. खाली तिच्याच अक्षरात लिहिले आहे : 'गळा सैल ठेवणे, घालताना रडतो.' ज्या भगिनींच्या माळ्यावर किंवा ट्रंकेत अशा वह्या असतील, त्यांनी त्या मंडळाच्या कार्यालयात आणून द्याव्यात. पाने उतरवून घेऊन वह्या परत केल्या जातील.